चाळीस शब्दांच्या आत

नियम माझा नाही, माझ्या आधीच्या बाईंचा.
माणशी चाळीस शब्द, नावापुढे पदवीचं साल,
आणि रकाने चार: बढती, विवाह, जन्म, निधन.
विद्यापीठाच्या तळघरातल्या या खोलीत एकतीस वर्षं
मी माजी विद्यार्थी चाळीस शब्दांत बसवतेय.
खिडकीतून दिसतात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते बूट
आणि बुटांच्या मधून फंडीचा उपसागर.
तिथं भरती दिवसातून दोनदा येते.
बढतीचं तसं नाही.

रॉडरिक मॅकआयझॅक, ७१: पूल बांधला. निवृत्त झाला.
दुसरा गुडघाही आता पोलादी.
पूल आणि गुडघे त्यानंच शेजारी ठेवलेत,
मी हात लावला नाही.

हॉलिस बूटिलिये, ७९: भूगर्भशास्त्र, विशेष प्रावीण्य.
चव्वेचाळीस वर्षं शेवंडं पकडतो.
लिहितो, शिक्षण वाया गेलं नाही,
बोट कुठल्या खडकावर आपटली
ते मला नावानिशी सांगता येतं.

डेल्फीन थेरियो, ९४: प्रांताच्या न्यायालयात न्यायाधीश.
झगा, शपथ, तारीख, फोटो, सगळं आलंय.
आलं नाही ते एवढंच
की फेरपरीक्षेच्या अर्जाची मुदत संपल्यावर
ती माझ्या खिडकीशी उभी होती,
मफलर ओला, नाकाचा शेंडा लाल,
आणि मी शिक्क्याची तारीख
बोटानं एक दिवस मागं फिरवली होती.
न्यायदानातला हा माझा वाटा.
तो छापायची पद्धत नाही.

कोरा आणि ड्वाइट, दोघं ९७.
लग्नाचा फोटो मीच कापून नीट बसवला होता,
जुळ्यांच्या वेळी दोन शब्द जास्तीचे दिले होते.
या अंकात अ‍ॅबर्नथी पहिल्या पानावर
आणि झिंक शेवटच्या.
अक्षरांच्या क्रमानं झालेलं काम,
कुणाचाच दोष नाही.

मग मायरा सॅम्पसन, ८८.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही आलं तिच्याकडून,
तेही औषधाच्या पिशवीच्या मागच्या बाजूला:
"अकरा वर्षं आईला सांभाळलं.
आई मार्चमध्ये गेली.
रात्रभर झोपायला पुन्हा शिकतेय.
एवढंच. छापलं नाही तरी चालेल."

सोळा शब्द. चोवीस तिनं परत केले.

वरच्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, निधनात टाका.
पण गेली ती आई, आणि आई आमची विद्यार्थिनी नव्हती.
मग गाळाच, म्हणाले, यात कर्तृत्व काय आहे?
मी "बघते" म्हटलं.
बघते म्हणजे काय, ते एकतीस वर्षांत
त्यांनाही कळलेलं नाही.

दुपारभर एकच पेन्सिल तासत बसले.
बूट गेले, बूट आले.
पाणी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं
आणि कुणाला न विचारता उतरलं.
पाच वाजता मी मायराला बढतीत टाकलं.
अनुक्रमानं तिची जागा येते
न्यायाधीशबाईंच्या बरोबर वर.

जूनमध्ये मी निघते. माझ्या नावापुढे साल नाही,
मी इथं शिकले नाही, टाइप केलं.
नवा मुलगा हुशार आहे, त्याला शब्द मोजावे लागत नाहीत,
यंत्र मोजतं.
त्याला फक्त वेंडेल क्राउसचं सांगून ठेवलंय.

वेंडेल, ६२. दर वसंतात एक पोस्टकार्ड,
त्यावर दोनच शब्द: "अजून आहे."
मी दर वेळी ते सुधारायचे.
"श्री. क्राउस यांनी सर्वांना शुभेच्छा कळवल्या आहेत."
तीस वेळा सुधारलं. त्यानं कधी तक्रार केली नाही,
आणि कधी शुभेच्छाही कळवल्या नाहीत.

यंदा कार्डावर अक्षर वेगळं.
खाली बारीक लिहिलंय: हात चालत नाही,
त्यांनी सांगितलं तसं शेजारीण लिहितेय.
वर तेच दोन शब्द.
या वेळी जसेच्या तसे जाऊ दिले.
शेजारणीचं अक्षर गोल आहे, शाळेतल्यासारखं,
आणि "अजून"वर तिनं
जरा जास्तच दाब दिलाय.